जुन्या टोपोशीटवर नागपूर जिल्हा: कोणती शीट कामाची, कोणती नुसती बघण्याची

नागपूर जिल्ह्याच्या टोपोशीट, म्हणजे गावं, वाटा, नाले आणि चढउतार दाखवणारे मोजणीचे नकाशे, सध्या तीन वाटांनी हाती येतात. पहिली अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने १९५०च्या दशकात छापलेली यू५०२ मालिका, प्रमाण १:२,५०,०००. हिचे स्कॅन टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने फुकट ठेवले आहेत. दुसरी सर्व्हे ऑफ इंडियाची ‘एक इंचाला एक मैल’वाली कागदी शीट, म्हणजे १:६३,३६०. ती महाविद्यालयांच्या भूगोल विभागात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, कधी एखाद्या निवृत्त सर्व्हेअरच्या पेटीत सापडते. तिसरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवरची ओपन सीरिज शीट, १:५०,०००, पीडीएफ, तीही फुकट.

तिन्हींना एकच कसोटी लावली आहे: जिल्ह्यातल्या गावखेड्यांचं मागच्या शंभरेक वर्षांतलं रूप त्यांवरून कितपत उलगडतं? शेताची हद्द ठरवायला किंवा तहसीलमध्ये भांडायला यातली एकही शीट चालत नाही. तो प्रांत भूमी अभिलेखाचा.

आधी नंबरांचं बघू, कारण निम्मे लोक इथेच चुकीची शीट उतरवून घेतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत चार अंश बाय चार अंशाच्या चौकोनाला एक आकडा असतो. आपला आकडा ५५, म्हणजे २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग ए ते पी, आणि प्रत्येक भागाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे पुन्हा सोळा भाग, १ ते १६. गोची अशी की हे नंबर आडवे नाही, उभे चालतात: डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, खाली चार घरं, मग पुढची रांग. नागपूर शहर आणि कामठी ५५ ओ/४ वर येतात. आडवं मोजलं तर हेच ४ नंबरचं घर वरच्या उजव्या कोपऱ्यात, पार बालाघाटकडे जाऊन पडतं. रामटेक ५५ ओ/७, उमरेड ५५ पी/५, सावनेर ५५ के/१५, काटोल ५५ के/११. काटोल आपल्या शीटच्या तळाशी चिकटून आहे, त्यामुळे गावाच्या दक्षिणेचं शिवार बघायचं तर ५५ के/१२ सोबत घ्यावीच लागते. कुहीचं तेच: गाव ५५ ओ/८ च्या अगदी तळकडेला, २१ अंशाच्या रेषेजवळ, आणि खालचं शिवार उमरेडच्या शीटवर. एखादं गाव शीटवर ‘सापडतच नाही’ असं वाटलं, तर आधी ते कडेवरचं तर नाही ना, हे बघा.

ओपन सीरिजचे नंबर वेगळे आहेत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराच्या शीट वेगळ्या झाल्या आणि नंबर आंतरराष्ट्रीय पद्धतीने पडू लागले. नागपूरच्या शीटचा नंबर एफ४४ ने सुरू होतो. चौकोन तोच, पंधरा बाय पंधरा मिनिटांचा, त्यामुळे जुनी आणि नवी शीट एकमेकींवर बसवता येतात. ही मोठी सोय आहे. (या शीटना लोक ‘ओएसएम’ म्हणतात आणि इंटरनेटवरच्या ओपनस्ट्रीटमॅपलाही ओएसएमच म्हणतात. विचारताना पूर्ण नाव घ्या, नाहीतर उत्तर दुसऱ्याच वस्तूचं मिळतं.) अमेरिकन मालिकेचं गणित तिसरंच: एक अंश बाय दीड अंशाची शीट. नागपूर, काटोल, रामटेक एनएफ ४४-९ वर. उमरेडचा भाग एनएफ ४४-१३ वर. साडेएकोणऐंशी रेखांशाच्या पूर्वेला वैनगंगेकाठची जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यासाठी एनएफ ४४-१० आणि ४४-१४. चार शीटमध्ये सगळा जिल्हा बसतो.

आता प्रत्येकीचं सांगतो.

यू५०२ बघायला देखणी आहे आणि फुकट आहे, म्हणून सगळे तिच्यापासूनच सुरुवात करतात. वाईट नाही, पण तिची मर्यादा मिलिमीटरमध्ये समजून घ्यावी. एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. नागपूर जिल्ह्यातलं मध्यम गावठाण एवढ्यात संपतं. मग गावाची जागा दाखवायला नुसता ठिपका उरतो, आणि त्या ठिपक्याशेजारी नाव बसवायला जागा नसली की आजूबाजूची लहान गावं सरळ गाळली जातात. म्हणजे या शीटवर गाव नाही, म्हणून त्या काळी गाव नव्हतं, असा निष्कर्ष काढायचा नाही. दुसरं, ही मालिका त्या दशकात जमिनीवर फिरून मोजलेली नाही, आधीच्या सर्व्हे ऑफ इंडिया शीटवरून रचलेली आहे. छपाईचं साल ते मोजणीचं साल नव्हे. तळाच्या समासात कोणत्या मूळ शीट वापरल्या याची नोंद असते, ती वाचल्याशिवाय ‘१९५५चा नकाशा’ वगैरे म्हणू नये. हिचं खरं बळ रस्ते आणि रूळ. कामठीहून देवलापार, खवासामार्गे जबलपूरला जाणारी जुनी वाट आणि अरुंद रुळांचं जाळं एका नजरेत दिसतं. त्यासाठी पाचपैकी चार गुण. खेड्यांच्या शोधासाठी दीड.

एक-इंची शीट ही या सगळ्यातली राणी. एक मिलिमीटरला ६३ मीटर, म्हणजे गावठाणाचा आकार, पाणवठा, आमराई, बैलगाडीची वाट, पायवाट हे सगळं सुटं-सुटं दिसतं. आपल्या अक्षांशावर एका शीटचा मधला चौकोन साधारण ४४ बाय ४१ सेंटिमीटर भरतो, आणि त्यात जवळपास २८ बाय २६ किलोमीटरचा मुलूख मावतो. समासातली खूणपट्टी नीट वाचा. तिथे गावांसमोर दोन खुणा दिलेल्या असतात: वस्ती असलेलं गाव आणि उजाड गाव. आपल्याकडच्या शोधाचं सगळं सोनं या दुसऱ्या खुणेत आहे. त्याच्या आसपास ‘अँटिक्विटीज’ची खूणही असते. गावाच्या नावाशेजारचं पीओ म्हणजे टपाल कार्यालय, पीएस पोलीस ठाणं, डीबी डाक बंगला, आयबी इन्स्पेक्शन बंगला. आता फाट्यावरची दोन घरं उरलेल्या ठिकाणाशेजारी डीबी लिहिलेलं दिसलं, तर जुना मुख्य रस्ता तिथूनच जायचा हे ओळखावं.

या शीटची अडचण एकच, ती सहज मिळत नाही. मिळाली तर बरेचदा कापडावर चिकटवलेली, आठ-दहा घड्या पडलेली असते आणि एखाद्या घडीत नेमकं हवं ते गाव झिजून गेलेलं असतं. काहींवर ‘रिस्ट्रिक्टेड’चा शिक्का असतो. संस्थेच्या अशा शीटचा फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं.

नावांचा त्रास मात्र तिन्ही मालिकांत आहे. जुन्या सर्व्हेअरनी ड चा उच्चार हिंदी वळणाने ऐकला आणि र लिहिला. त्यामुळे उमरेडचं उमरेर झालं, नरखेडचं नरखेर, जलालखेड्याचं जलालखेरा, धापेवाड्याचं धापेवारा. पारशिवनी ‘पारसेओनी’ आणि सावनेर ‘साओनेर’ अशा रूपात दिसतं. शोधताना ड, वाडा, खेडा अशा प्रत्येक नावाचं र-वालं रूप करून बघा. आणि खैरी, बोरी, धामणा, चिचोली ही नावं जिल्ह्यात इतक्या ठिकाणी आहेत की नुसत्या नावावरून गाव पक्कं करणं म्हणजे बाजारात ‘पाटील’ म्हणून हाक मारण्यासारखं. शेजारची दोन गावं आणि नाला जुळला, तरच ते गाव तेच.

आता ओपन सीरिज. मिळवायला सोपी: पोर्टलवर खातं उघडायचं, नकाशावर आपला चौकोन निवडायचा, पीडीएफ उतरवायची. जुनं ‘नक्शे’ पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा आधार नंबर लागत असे. फाइलच्या नावात फक्त नंबर असतो, म्हणून उतरवल्याबरोबर स्वतःच नाव बदला: ‘रामटेक’, ‘कुही’ असं. महिन्याने पंधरा फाइलींतून एफ४४चं कोडं सोडवत बसावं लागत नाही. ही शीट जुनी नाही, पण तिच्याशिवाय जुनी शीट मुकी आहे, कारण बदल म्हणजे दोन नकाशांमधला फरक. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, आणि एक-इंची शीटच्या जवळचं असल्यामुळे तुलना सुखाने होते. महत्त्वाचा फरक उंचीचा. जुन्या शीटवर समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ५० फुटांनी, नव्यावर २० मीटरने. ५० फूट म्हणजे सव्वापंधरा मीटर, त्यामुळे एकीच्या रेषा दुसरीवर सहसा बसणार नाहीत. त्यावरून ‘टेकडी खोदली’ अशी बातमी करू नका. उंचीचं माप डोक्यात बसवायला आपल्या झिरो माइलचा दाखला सोपा: तिथल्या १९०७च्या जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्कवर (उंचीच्या पक्क्या खुणेवर) १०२०.१७१ फूट कोरलेलं आहे, म्हणजे सुमारे ३११ मीटर. जुन्या शीटवर नागपूरच्या आसपास हजाराच्या घरातले आकडे दिसले तर ते फूट, तीनशेच्या घरातले दिसले तर मीटर.

(त्या जीटीएसचा, म्हणजे देश त्रिकोणांत मोजणाऱ्या मोहिमेचा, पाया घालणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. टोपोशीटचा नाद असलेल्याने एकदा जाऊन यावं, नागपूरहून अर्ध्या दिवसाचं काम.)

खरी परीक्षा पुढे आहे. जुनी शीट आजच्या उपग्रहचित्रावर बसवायची, म्हणजे जिओरेफरन्स करायची. इथे जो घाई करतो त्याला पुढे शेतात उन्हातान्हात भलत्याच धुऱ्यावर उभं राहावं लागतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातला जिओरेफरन्सर पुरेसा आहे. पैसे देऊन दुसरं काही घेण्याची गरज नाही.

स्कॅन ३०० डीपीआयने करा. एक-इंची शीटवर एक पिक्सेल मग साधारण साडेपाच मीटरचा होतो, यू५०२वर एकवीस मीटरचा. मोबाइलने फोटो काढणार असाल तर शीट काचेखाली सपाट करा आणि कॅमेरा वरून सरळ धरा. तिरक्या फोटोतली चूक पुढे कुठल्याही गणिताने पूर्ण जात नाही. नियंत्रणबिंदू म्हणून शीटवरच छापलेल्या अक्षांश-रेखांशाच्या छेदांवर टिचकी मारा. एक-इंची शीटवर दर पाच मिनिटांनी खुणा असतात, म्हणजे चार गुणिले चार, सोळा बिंदू मिळतात. चारच कोपरे घेणारे लोक असतात, आणि मधली घडी ताणलेली असली तर त्यांना कळतही नाही. नदीचं वळण किंवा तलावाचा काठ बिंदू म्हणून कधीच घेऊ नका. ज्याचा बदल मोजायचा, त्यालाच खुंटी करून कसं चालेल?

बिंदूंची संदर्भ-प्रणाली निवडताना सगळ्यात जास्त घोळ होतो. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीचा गणितासाठी धरलेला जुना आकार) आहेत, मोबाइल आणि उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस ८४ वर. शीटवरचे छापील आकडे तसेच डब्ल्यूजीएस ८४ म्हणून भरले, तर नागपूरजवळ सगळा नकाशा सुमारे १५० मीटर पूर्वेला आणि ८० मीटर दक्षिणेला सरकून बसतो. म्हणजे तिरकस १७० मीटर. विहीर एका शेतात, तुम्ही तिसऱ्या शेतात. म्हणून बिंदू भरताना ईपीएसजी (संदर्भ-प्रणालीचा ठरलेला नंबर) ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, निवडा. मेट्रिकपूर्व शीटलाही तो लावला तर पडणारा फरक या कामापुरता नगण्य आहे. निघणारी फाइल ईपीएसजी ३२६४४ मध्ये घ्या, म्हणजे यूटीएम पट्टा ४४. जिल्हा ७८ अंशाच्या पूर्वेलाच असल्यामुळे नरखेडपासून भिवापूरपर्यंत एकच पट्टा पुरतो. क्यूजीआयएसने ‘बॉलपार्क’ रूपांतराचा इशारा दिला, तर तो बाजूला सारू नका. त्याचा अर्थ, लंबगोलाचा फरक त्याने धरलेलाच नाही आणि तुमचे १७० मीटर जागच्या जागी आहेत.

सपाट, चांगल्या शीटला पहिल्या श्रेणीचं बहुपद (पॉलिनॉमिअल १, सगळी शीट एकसारखी बसवणारं गणित) पुरतं. त्याला तीन बिंदू लागतात, दुसऱ्या श्रेणीला सहा. सोळा बिंदूंवर सरासरी चूक दोन-तीन पिक्सेलच्या आत आली, म्हणजे दहा ते सोळा मीटर, तर शीट बसली समजा. घड्या पडलेल्या शीटला थिन प्लेट स्प्लाइन बरी. पण तिचा एक ढोंगीपणा लक्षात ठेवा: ती प्रत्येक बिंदू ओढून-ताणून जागेवर बसवते, त्यामुळे चूक शून्य दिसते. ते शून्य तुमच्या अचूकतेचं नाही, तिच्या लवचिकतेचं. एखादा बिंदू चुकीचा मारला असेल तर तीही चूक ती निमूट गिळते. रीसॅम्पलिंग (नव्या जागी पिक्सेल भरण्याची रीत) ‘निअरेस्ट नेबर’ ठेवा, नाहीतर बारीक अक्षरं आणि पायवाटेचे तुटक ठिपके धुरकट होतात.

बसवलेली शीट तपासायला न हललेल्या गोष्टी घ्या: रामटेकच्या गडावरची मंदिरं, नगरधनचा किल्ला, टेकडीवरचा त्रिकोणाच्या खुणेचा बिंदू, जुना रेल्वे पूल. तिन्ही-चारी ठिकाणी चूक एकाच दिशेला आणि सारखीच असेल तर दोष प्रणालीचा, पुन्हा ईपीएसजी बघा. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिशेला असेल तर दोष कागदाचा किंवा तुमच्या टिचकीचा.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या शीट हाती आल्या तर आणखी एक खोच आहे. तेव्हा मद्रास वेधशाळेचा रेखांश जो धरला जायचा, त्यात सुमारे अडीच मिनिटांची चूक होती, आणि ती सगळ्या शीटवर उतरली. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटं म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. समासात मद्रासच्या रेखांशाबद्दल बारीक अक्षरात एक ओळ असते, ती आधी वाचा. गाव शेजारच्या गावाच्या जागी दिसत असेल तर गाव हललं नाही, मद्रास हललं आहे.

एवढं केल्यावर जे दिसू लागतं, त्यासाठीच ही सगळी उठाठेव. नागपूरच्या वर्तमानपत्रातली जमिनीची जाहिरात आठवा: ‘मौजा अमुक-अमुक (रिठी), प.ह.नं. इतका, ख.नं. इतका’ (पटवारी हलका नंबर, खसरा नंबर). ही रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव. माणसं गेली, पण महसुली मौजा कागदावर राहिला. एक-इंची शीटवर उजाड गावाची खूण जिथे आहे, तिथेच महाभूनक्शा हे गावनकाशांचं सरकारी पोर्टल उघडून आजच्या मौज्याची हद्द बघा. बहुतेकदा नावासकट जुळते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतल्या गावयादीत ‘वस्ती नाही’ असा शेरा असलेल्या नोंदीही ताडून बघा. तीन कागद जुळले की जागा पक्की.

मग मे महिन्याचं उपग्रहचित्र काढा, शेतं रिकामी असताना. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत जुन्या वस्तीची जागा फिकट, राखट डागासारखी उठून दिसते. आपले लोक गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’, ते उगाच नाही. शेकडो वर्षं चुलीची राख, शेण, मातीच्या भिंती मिसळून ती जमीन खरंच पांढुरकी होते. डाग साधारण गोलसर असतो आणि त्याच्याकडे दोन-तीन वाटा येऊन मिळतात. त्या वाटा आता फक्त पांदण म्हणून उरलेल्या असतात किंवा धुऱ्यात विरलेल्या असतात, पण शीटवरच्या तुटक रेषेशी ताडून बघितलं तर वळणासकट जुळतात. प्रत्यक्ष जागेवर चिंच, कडुलिंब किंवा पिंपळाचं एखादं म्हातारं झाड, बांधीव विहीर, शेंदूर लावलेला मारुती किंवा माता मायची ठाणी, आणि नांगराने वर आणलेली खापरं दिसतात. खापरं तिथेच राहू द्या. पुरलेली वस्तू सापडली तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो, आणि सरकारी कागदांत अडकण्याची हौस कुणालाच नसते.

रिठीखालोखाल मजा तलावांची. रामटेक, कुही, उमरेड, भिवापूरकडे मालगुजारांनी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी) बांधलेले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आणि छोट्या बोड्या गावोगाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि बरेच गाळाने भरले. जुन्या शीटवर तलाव निळा आणि त्याच्या उताराच्या बाजूला पाळीची काळी, काट्यांसारखी रेघ असते. आज तिथे धान दिसत असलं तरी ती पाळ उपग्रहचित्रात शेतातून जाणाऱ्या बाकदार, झाडीच्या रांगेसारखी सापडते. शेतांचे धुरे सरळ असतात. मधेच एकच धुरा धनुष्यासारखा वाकलेला दिसला, तर शीट उघडा. काळ्या रेघेचा नाला म्हणजे उन्हाळ्यात कोरडा, निळ्या रेघेचा म्हणजे पाणी टिकणारा. दोन शीटमध्ये एकच नाला निळ्याचा काळा झाला असेल तर त्याची नोंद करा, पण आधी दोन्ही शीटचा मोजणीचा महिना बघा.

नव्या जलाशयांचं उलट आहे. तोतलाडोह, नवेगाव खैरी, वैनगंगेवरचा गोसेखुर्द: नव्या शीटवर निळा पसारा, जुन्यावर त्याखालची खोरी, वाटा आणि गावं. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८चं. त्याच्या पाण्यामुळे कुही आणि भिवापूर तालुक्यांतली गावं उठली, आणि नव्या ठिकाणी बरेचदा जुन्याच नावाने वसली. म्हणून या पट्ट्यात एका नावाचे दोन ठिपके जमवताना कोणता आधीचा, हे शीटच्या मोजणीच्या सालावरून ठरवा, नावावरून नाही. उमरेड आणि कामठीकडच्या खुल्या कोळसाखाणींचंही तसंच, फक्त निळ्याऐवजी खड्डा. तोतलाडोहचा परिसर व्याघ्रप्रकल्पात आहे. नकाशा हातात आहे म्हणून तिथे शिरता येत नाही.

रेल्वेसाठी यू५०२ आणि एक-इंची या दोन्ही शीट एकत्र वापरा. नागपूर-छिंदवाडा आणि उमरेडवरून जाणारी नागपूर-नागभीड, या अडीच फुटी रुळांच्या लाइन. पहिली २०१५ मध्ये बंद झाली, दुसरी २०१९ मध्ये. अरुंद गाडीला चालणारं तीव्र वळण मोठ्या गाडीला चालत नाही. म्हणून रूळ रुंद करताना जिथे मार्ग सरळ केला, तिथे जुना भराव लांबट चंद्रकोरीसारखा शेतात एकटा उरतो. मनसर-कांद्री भागातल्या मॅंगनीज खाणींच्या सायडिंगही जुन्या शीटवर दिसतात. तालुक्यांच्या हद्दींवर मात्र वेळ घालवू नका. १९०८च्या सुमाराला जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल या चारच तहसिली होत्या, आज चौदा तालुके आहेत. जुनी ठिपक्यांची हद्द आजच्या कशाशीही जुळणार नाही.

छापून न्यायची तर प्लॉटरवाल्याला ‘फिट टू पेज’ काढून शंभर टक्क्यांनी छापायला सांगा आणि दुकानातच पट्टी लावा: १:५०,०००च्या शीटवर मोजपट्टीचे दोन किलोमीटर बरोबर चार सेंटिमीटर भरले पाहिजेत. भरले नाहीत तर पैसे देऊ नका. फोनवर नेण्यासाठी अवेन्झा मॅप्स या ॲपमध्ये जिओटिफ (जागेची माहिती आत असलेली चित्रफाइल) चालते, फुकट आवृत्तीत बाहेरचे तीनच नकाशे ठेवता येतात. एका दिवसाला जुनी, नवी आणि शेजारची कडेची शीट, एवढे तीन पुरतात. संत्र्याच्या बागेत किंवा टेकडीआड रेंज नसते, म्हणून घरूनच फाइल चढवून निघा.

नव्याने सुरू करणाऱ्याने रामटेकची ५५ ओ/७ घ्यावी. तपासायला गड आणि नगरधन आहेत, खिंडसीचं पाणी आहे, बोड्या आहेत. म्हणजे एका शीटवर सगळे धडे होतात. जाण्याची वेळ तूर निघाल्यावरची, फेब्रुवारीचा उत्तरार्ध. त्याआधी तुरीत पांढरी दिसत नाही, आणि मार्च अर्धा सरला की दुपारी बारानंतर शेतात उभं राहवत नाही.